अश्रु, अनुताप आणि आनंद

मराठींत 'पश्चात्ताप' आणि 'अनुताप' हे दोन शब्द बहुधा एकाच अर्थानें वापरले जातात. दोहोंतहि 'ताप' आहे. कृत्य घडून गेल्यानंतर मनाची जी होरपळ होते, तिच्यावरच या शब्दांची दृष्टि खिळलेली आहे. बायबलाच्या नव्या करारांत या ठिकाणीं जो ग्रीक शब्द येतो तो मात्र तापाचा नाहीं. 'मेटॅनोइया' म्हणजे मन पालटणें. त्याच्याहि मागें उभा असलेला जुना हिब्रू शब्द तर याहून साधा आहे. त्याचा अर्थ नुसता 'परतणें' एवढाच. वाट चुकलेला प्रवासी मागें वळतो, तसें वळणें. एका भाषेनें वेदना पाहिली, दुसरीनें पालट पाहिला, तिसरीनें पाउलांची दिशा पाहिली. ख्रिस्ती मंडळीच्या दीर्घ इतिहासांत या तिहींचा मेळ घालण्याची खटपट अखंड चाललेली दिसते. केवळ रडणें पुरें आहे काय? रडल्यावांचून मन खरोखर पालटतें काय? आणि जो परत आला त्याला पुन्हा पंक्तीस घ्यावयाचें कीं नाहीं, व तें ठरवावयाचें कोणीं? हे प्रश्न वरवर धर्मशास्त्राचे वाटतात. परंतु त्यांच्या उत्तरावर पुष्कळांचें जिणें, आणि कांहींचें मरणहि, अवलंबून राहिलेलें आहे.

शुभवर्तमानांत या विषयाचे दोन पुरुष शेजारीं शेजारीं उभे आहेत. यहूदा इस्कार्योत यानें आपल्या गुरूला धरून दिलें. पेत्रानें त्याच रात्रीं गुरूची ओळख तीनदां नाकारली. दोघांनाहि आपल्या कृत्याची जाणीव झाली. यहूदानें घेतलेलीं तीस रुप्याचीं नाणीं परत नेऊन टाकलीं, आपण निरपराध्याचा घात केला असें कबूलहि केलें. व्यवहाराच्या दृष्टीनें पाहिलें तर त्याचा अनुताप अधिक सविस्तर आहे. पेत्राच्या हातून तसें कांहींच झालें नाहीं; कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन ढसढसां रडला, इतकेंच. तरी यहूदा गळफांसाकडे गेला व पेत्र मंडळीचा आधारस्तंभ झाला. भेद कोठें पडला? यहूदा ज्यांच्याकडे परत गेला ते त्याला ओळख देईनात. पेत्राला पुन्हा विचारणारा कोणी भेटला. योहानाच्या शुभवर्तमानांत एक बारीकशी गोष्ट आहे, ती पुष्कळ वाचकांच्या नजरेंतून निसटते. पेत्रानें नाकारलें तें कोळशांच्या शेगडीपाशीं, थंडींत हात शेकतांना. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या कांठीं येशू त्याला भेटतो तेव्हांहि तेथें कोळशांचाच विस्तव पेटलेला असतो, आणि तेथें तोहि त्याला तीनदांच विचारतो, माझ्यावर तुझी प्रीति आहे काय? जखम जेथें झाली तेथेंच ती धुतली जाते. तिसऱ्या वेळीं विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलें असेंहि लेखकानें नमूद केलें आहे. पेत्राच्या वांट्यास आलेला आनंद असा दुःखाला वळसा घालून आलेला नाहीं.

पौलानें करिंथच्या मंडळीस लिहितांना दुःखाचे दोन प्रकार सांगितले: एक देवाच्या इच्छेप्रमाणें होणारें, जें पालटाकडे नेतें, दुसरें जगाचें, जें मरणाकडे नेतें. वारकरी कीर्तनांतून अनुतापाच्या कथा ऐकत वाढलेल्या श्रोत्यांना हा भेद परका वाटण्याचें कारण नाहीं. वाल्या कोळ्याचा वाल्मीकि झाला तो नुसत्या हळहळीनें झाला नाहीं.

परंतु एका माणसाची गोष्ट वेगळी आणि हजारों माणसांची वेगळी. इ. स. २५० मध्यें रोमचा बादशहा डेशियस यानें हुकूम काढला कीं, साम्राज्यांतील सर्वांनीं देवतांना बलि अर्पण करावा व तसा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा. ईजिप्तच्या वाळूंत यांपैकीं कांहीं दाखले सांपडले आहेत. अमक्यानें आमच्या देखत बलि दिला, मद्य ओतलें, नैवेद्य चाखला, असा त्यांतील मजकूर कोणत्याहि कचेरीतल्या कागदासारखा रुक्ष आहे. ख्रिस्ती लोकांपैकीं कित्येक तुरुंगांत गेले, कित्येक मेले. परंतु पुष्कळांनीं बलि दिला. कित्येकांनीं बलि न देतांच पैसे चारून नुसता दाखला मिळविला. छळ ओसरला तसे हे सारे लोक देवळाच्या दाराशीं येऊन उभे राहिले. त्यांना परत यावयाचें होतें.

यांना आंत घ्यावें काय? ज्यांचे बाप, भाऊ, बायका तुरुंगांत सडल्या त्यांना हा प्रश्न विचारून पाहावा. रोममधील नोवेशियन नांवाच्या पंडितानें सांगितलें, नाहीं. देव क्षमा करील तर करो, मंडळीला तो अधिकार नाहीं. उलट बाजूस, कार्थेज येथें कांहीं लोक तुरुंगांतून आलेल्या वीरांकडून शिफारसपत्रें घेऊन येत आणि त्या बळावर लागलीच प्रभुभोजनाच्या मेजाशीं जागा मागत. कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यावर निर्णयाचा भार पडला. त्याची स्वतःची स्थिति चमत्कारिक होती. छळाच्या काळांत तो लपून राहिला होता व त्याबद्दल लोक त्याला नांवें ठेवीत होते. २५१ मध्यें कार्थेज येथें सभा भरली. ज्यानें प्रत्यक्ष बलि दिला आणि ज्यानें फक्त दाखला विकत घेतला, त्यांच्यांत फरक करावयाचा. प्रत्येकाची हकीकत ऐकावयाची. बलि देणारांनीं दीर्घकाळ प्रायश्चित्त करावयाचें, पण मृत्यु जवळ आला तर त्यांना शांति नाकारावयाची नाहीं, असें ठरलें. पुढच्याच वर्षीं नव्या छळाचीं चिन्हें दिसूं लागतांच सिप्रियननें व त्याच्या सोबत्यांनीं प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना एकदम आंत घेतलें. लढाईला जाणाऱ्या शिपायाला उपाशी पाठवूं नये, हा त्यामागचा विचार होता. सिप्रियन स्वतः २५८ मध्यें हुतात्मा झाला. नोवेशियनचा पंथ शुद्धांचा पंथ म्हणून पुढें कित्येक शतकें टिकला. त्याचा हेतु हीन होता असें नाहीं; परंतु त्या पंथांत पेत्राला जागा मिळाली नसती, हेंहि तितकेंच खरें.

त्या काळचें प्रायश्चित्त उघडें व कठीण असे. टर्टुलियन या लेखकानें तिसऱ्या शतकाच्या आरंभीं त्याचें वर्णन केलें आहे: गोणपाट, राख, उपास, आणि बंधूंच्या गुडघ्यांशीं घातलेलें लोटांगण. आशिया मायनरमध्यें तर पायऱ्याच ठरलेल्या होत्या. कांहीं लोक दाराबाहेर रडत उभे राहात, कांहींना आंत येऊन ऐकण्यापुरती मुभा असे, कांहीं गुडघे टेकून बसत, आणि शेवटच्या पायरीवरचे इतरांबरोबर उभे राहात, तरी त्यांना भोजनांत भाग नसे. अशी संधि बाप्तिस्म्यानंतर आयुष्यांत एकदांच मिळे. रोममध्यें ईस्टरच्या आधींच्या गुरुवारीं या अनुतप्तांना परत घेण्याची वहिवाट असल्याचें ४१६ मधील एका पोपच्या पत्रावरून कळतें. आंत नेले जाणारे ते लोक आणि त्यांची वाट पाहणारी बायकामुलें यांचे चेहरे कसे दिसत असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

या नियमांतून बादशहाहि सुटला नाहीं. ३९० मध्यें थेस्सलनीका शहरांत जमावानें एका सेनाधिकाऱ्याचा खून केला. कारण काय, तर त्यानें लोकांच्या आवडत्या सारथ्याला तुरुंगांत टाकलें होतें. बादशहा थिओडोशियस यानें संतापाच्या भरांत शहराचा सूड घेण्याची आज्ञा केली. नंतर त्यानें ती मागें घेतली, पण निरोप पोंचेपर्यंत कत्तल होऊन गेली होती. एका इतिहासकारानें मृतांचा आंकडा सात हजार दिला आहे. मिलानचा बिशप अँब्रोज यानें देवळाच्या दारांत बादशहाला अडविलें, असें चित्र पुढें चित्रकारांनीं रंगविलें. प्रत्यक्षांत घडलें तें याहून शांत आणि बहुधा याहून अवघड होतें. अँब्रोजनें एक खाजगी पत्र लिहिलें. तुम्ही समोर असाल तर मला यज्ञ अर्पण करतां येणार नाहीं, अशा आशयाचें तें पत्र आहे. त्यांत दावीद राजा आणि त्याच्या पापावर बोट ठेवणारा नाथान संदेष्टा यांची आठवण आहे. थिओडोशियसनें राजचिन्हें उतरविलीं, लोकांसमोर रडला, आणि त्या वर्षींच्या नाताळांत त्याला परत घेण्यांत आलें. थेस्सलनीकाच्या मेलेल्यांना यानें कांहीं मिळालें नाहीं. तरीपण जगाच्या सत्ताधीशानें निरपराध्यांच्या रक्ताबद्दल भर सभेंत मान खालीं घालावी, ही गोष्ट त्यापूर्वीं क्वचितच घडली असेल; त्यानंतरहि ती वारंवार घडली आहे असें नाहीं.

याच अँब्रोजच्या हातून ३८७ च्या ईस्टरच्या रात्रीं ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला. त्याची आई मोनिका मुलासाठीं वर्षानुवर्षें रडली होती; तिचें हें रडें ख्रिस्ती जगांत प्रसिद्धच आहे. पण त्याहून मनाला चटका लावणारा प्रसंग पुढचा आहे. त्याच वर्षीं ती ऑस्टिया बंदरांत वारली. श्रद्धावंताच्या मरणावर शोक करणें योग्य नव्हे असें वाटून ऑगस्टिननें पुरतांना डोळ्यांतून पाणी येऊं दिलें नाहीं. आपण धीर धरला याचें लोकांना कौतुक वाटलें असेल. त्याला स्वतःला मात्र आंतल्या आंत गुदमरल्यासारखें झालें. पुढें एकांतांत तो मोकळेपणानें रडला, आणि आपल्या 'कबुलीजबाबां'त त्यानें हें रडणेंहि लिहून ठेवलें. कोणाला त्यांत पाप दिसलें तर त्यानें हंसूं नये, आपल्यासाठीं रडावें, असें तो सुचवितो. शोक आणि अनुताप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेलेल्या आईसाठीं रडणें याला प्रायश्चित्त लागत नाहीं. मंडळींतल्या कित्येक कडक माणसांनीं हा भेद विसरून शोक करणाऱ्यालाच अश्रद्ध ठरविलें आहे. येशू स्वतः लाजारसाच्या थडग्यापाशीं रडला याचें त्यांना विस्मरण होतें.

सहाव्या व सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासी लोकांनीं उघड्या प्रायश्चित्ताच्या जागीं खाजगी पापनिवेदन रूढ केलें. त्यांच्या पुस्तकांत अमक्या पापाला इतके दिवस भाकरी व पाणी, असे दरच लावलेले असत. १२१५ मध्यें लॅटरन येथील चौथ्या सभेनें प्रत्येकानें वर्षांतून निदान एकदां आपल्या धर्मगुरूपाशीं पाप निवेदन करावें असा नियम घातला, व त्या निवेदनाचा गौप्यभंग करणाऱ्या धर्मगुरूला कडक शिक्षा सांगितली. उघडी लाज गेली हें बरेंच झालें. परंतु जेथें दर आला तेथें सूट आली, आणि सूट आली तेथें पैसा आला. १५१७ मध्यें मार्टिन ल्यूथरनें जीं पंचाण्णव विधानें मांडलीं त्यांतील पहिलेंच असें आहे कीं, ख्रिस्तानें श्रद्धावंताचें सारें आयुष्यच पश्चात्तापाचें असावें असें इच्छिलें. सारें युरोप या एका शब्दावरून दुभंगलें असें म्हटलें तरी चालेल.

याहून काळा प्रकार हिंदुस्थानाच्या किनाऱ्यावर घडला. गोव्यांत १५६० मध्यें इन्क्विझिशनचें न्यायासन स्थापन झालें. मध्यें थोडा काळ तें बंद पडलें, पण कायमचें उठलें तें १८१२ मध्यें. चार्ल्स डेलन नांवाचा एक फ्रेंच वैद्य त्याच्या कोठडींत सांपडला होता. १६७६ मध्यें इतर कैद्यांबरोबर पिवळा झगा घालून, हातांत मेणबत्ती धरून त्याला मिरवणुकींतून चालविण्यांत आलें. १६८७ मध्यें त्यानें ती हकीकत छापली. मेणबत्ती, अनवाणी पाय, गुडघे टेकणें, सारीं चिन्हें प्राचीन प्रायश्चित्ताचींच होतीं. फक्त ज्याच्यासाठीं तीं निर्माण झालीं तें मन तेथें नव्हतें. भीतीनें वाकविलेल्या मानेला अनुताप म्हणणें म्हणजे यहूदाच्या गळ्यांतील दोराला जपमाळ म्हणण्यासारखें आहे. आणि त्याच प्रदेशांत, १६१६ मध्यें, रायतूर येथें फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें होतें. इंग्लंडांत जन्मलेल्या या जेझुइटानें सुमारें अकरा हजार ओव्यांत ख्रिस्ताची कथा मराठींत आणली. जी गोष्ट एका वाड्यांत धाकानें वसूल केली जात होती तीच दुसरीकडे कथेच्या रसानें मनांत उतरविली जात होती. पुढें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं रोम येथें, सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं मंडळीच्या लोकांनीं अवलंबिलेल्या असहिष्णु मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. तो दिवस उपवासकाळाचा पहिला रविवार होता.

हा उपवासकाळ ख्रिस्ती वर्षाच्या रचनेचें मर्म आहे. राखेच्या बुधवारीं कपाळावर राख लावतात ती आदल्या वर्षींच्या झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वादिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. जयघोषाच्या वेळीं हातांत धरलेलें पान पुढच्या वर्षीं राख होऊन परत येतें. या संकेताची योजना करणाऱ्याला माणसाच्या उत्साहाची पक्की ओळख असली पाहिजे! रविवार वगळून मोजलेले हे चाळीस दिवस. उपासनेंतून 'आलेलुया' हा शब्द नाहींसा होतो. गुरुवारच्या संध्याकाळीं एकदां वाजल्यावर घंटा मुक्या होतात व त्यांच्याऐवजीं लाकडावर लाकूड आपटून इशारा करतात. तरी चौथ्या रविवारीं जांभळ्या वस्त्रांच्या जागीं गुलाबी वस्त्रें वापरण्याची रीत आहे. मध्यंतरीं थोडा श्वास घेण्यास सवड. वसईच्या किंवा गोव्याच्या जुन्या देवळांत शनिवारच्या रात्रीं ज्यांनीं हजेरी लावली आहे त्यांना पुढचें सांगावयास नको: अंधार, बाहेर पेटविलेला नवा विस्तव, त्यावर पेटलेली एक मोठी मेणबत्ती, आणि तिच्यापासून हातोहात पसरत जाणारा उजेड. त्या वेळीं म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन स्तवनांत आदामाच्या पापालाच, त्यामुळें तारणारा लाभला म्हणून, भाग्याचें म्हटलेलें आहे. तर्काला हें विधान पटविणें अवघड आहे. गाणाऱ्याला तें पटवावें लागत नाहीं.

अनुताप आणि आनंद यांची महाराष्ट्रांतील सर्वांत गाजलेली गांठ मात्र कोणत्याहि ठरीव सणाच्या दिवशीं पडली नाहीं. ती पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनांत, १९०५ च्या जून महिन्याच्या अखेरीस पडली. रमाबाईंच्या वांट्याला दुःख लहानपणापासून होतें. १८७४ च्या सुमारास दुष्काळांत वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण एकामागून एक गेलीं. पुढें भाऊ गेला. १८८२ मध्यें पति बिपिनबिहारी मेधावी गेले. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तरी पुढें कित्येक वर्षांनीं त्यांनीं लिहिलें कीं, आपणांस तेव्हां ख्रिस्ताचा धर्म सांपडला होता, ख्रिस्त सांपडला नव्हता. एवढ्या विदुषीनें, जगाच्या टीकेची पर्वा न करतां असें कबूल करणें हेंच एक निवेदन आहे.

केडगांवांत १८९६-९७ आणि १९०० या दुष्काळांतून वांचविलेल्या मुली व बायका शेंकड्यांनीं राहात होत्या. त्यांतल्या बहुतेकींनीं आपल्या डोळ्यांदेखत आपलीं माणसें भुकेनें मरतांना पाहिलीं होतीं. १९०५ च्या आरंभापासून रमाबाईंनीं रोज पहांटे प्रार्थनेसाठीं कांहींजणींना एकत्र आणण्यास सुरुवात केली. वेल्समध्यें चाललेल्या जागृतीच्या वार्ता त्यांच्या कानीं आल्या होत्या. जूनच्या अखेरीस मुलींच्या निजण्याच्या जागीं रडण्याचा आवाज सुरू झाला. मग शाळेचे वर्ग थांबले. मुली आपापलीं पापें मोठ्यानें कबूल करूं लागल्या, जमिनीवर पडून रडूं लागल्या. आणि तासांनीं, कधीं दिवसांनीं, त्याच मुली टाळ्या वाजवीत, गात, नाचत उठल्या. पाहणाऱ्यांपैकीं कित्येकांना हा उन्माद वाटला. हा संशय अगदींच अनाठायीं म्हणतां येणार नाहीं. दाटीवाटीनें राहणाऱ्या तरुण मुलींत भावनेचा सांसर्ग किती त्वरेनें होतो हें सर्वांना ठाऊक आहे. परंतु या मुलींना त्यापूर्वीं रडण्यास मोकळीक कोठें मिळाली होती? दुष्काळांत रडण्यास बळ नव्हतें, आश्रमांत शिस्त होती. पापाच्या कबुलीबरोबर त्यांचा सांठलेला शोकहि बाहेर पडला असेल, तर ऑगस्टिनला त्याचें नवल वाटलें नसतें. रमाबाईंनीं टीकाकारांना जें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, हिंदी माणसांच्या आनंदाला व शोकाला पाश्चात्य सभ्यतेचा सांचा लावूं नये. त्यांना त्यांच्या स्वभावाप्रमाणें उपासना करूं द्यावी. ज्या बाईनें मूळ हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत उरलेलें आयुष्य वेंचलें, ती भोळेपणानें वाहवली असें म्हणणें सोपें नाहीं.

या साऱ्या कथेंत एका प्रकारचें दुःख बहुधा झांकलेलें राहातें, आणि तें धर्मांतर करणाऱ्याचें नव्हे, मागें राहिलेल्यांचें. नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांना जो आनंद झाला त्याच दिवसाच्या वार्तेनें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाश कोसळलें. नवरा जिवंत असून घर मोडलें होतें. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनीं हे दिवस सांगितले आहेत, आणि त्यांची थोरवी अशी कीं तें दुःख सांगतांनाहि त्यांना स्वतःच्या सोंवळ्याओंवळ्याचें हंसूं आवरत नाहीं. त्या पतीकडे परत आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठीं नव्हे. वेगळें पाणी, वेगळी चूल सांभाळीत त्या त्यांच्या शेजारीं राहिल्या. टिळकांनीं घाई केली नाहीं. बाईंचे विचार त्यांच्या स्वतःच्या गतीनें पालटले आणि १९०० मध्यें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्यें वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य अपुरें होतें. लिहिणें-वाचणें लग्नानंतर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें घेतलें आणि एकामागून एक अध्याय लिहीत शेवटास नेलें.